एरिया कसा आहे?

निनाद, तू फोनवर विचारलंस,
"काका, हमरिया एरिया कसा आहे?
बायको-मुलीला आणायचंय, म्हणून."
मी म्हटलं, बरा आहे. पार्किंगची बोंब आहे.
मग रेंज गेली, की मीच कापला, आठवत नाही.

तेव्हापासून मनातल्या मनात उत्तर देतोय.

उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडू नकोस, हात भाजेल.
गीझर बंद ठेव. त्यात साठलेलं असतं
तेवढंच काय ते अंगावर घेण्यासारखं.
हे मला सत्त्याण्णव साली मोफिजुलने सांगितलं.
त्याला कुणी सांगितलं, विचारायचं राहिलं.

डोंगर बघून तुझी मुलगी विचारेल, यांची झाडं कुठायत?
माझीने विचारलं होतं.
मी म्हटलं होतं, धुवायला टाकलीत.
ती बरेच दिवस वाट बघत होती.

आपल्याकडची वाडी वेगळी, इथली वादी वेगळी.
वादी म्हणजे कोरडी नदी; वर्षानुवर्षं गप्प असते,
मग एका रात्री येते आणि
कोर्टातल्या वादीसारखा जागेवर दावा सांगते.
तिथं गाडी लावू नकोस, कितीही मोकळं दिसलं तरी.
माझी कोरोला पेट्रोल पंपापाशी सापडली,
आत चिखल, आणि एक चप्पल. माझी नव्हे.

खरं सांगू? खालच्या गल्ल्या माझ्या अजून चुकतात.
मी हा एरिया गच्चीवरून ओळखतो,
कॉम्प्रेसरच्या घरघरीवरून.
वर सगळ्या डिश एकाच दिशेला माना वळवून,
वाढपी कुठवर आला ते बघणाऱ्या पंगतीसारख्या.
रंगाच्या डब्यात कुणाची तरी तुळस,
टाकीच्या सावलीत मांजर.

आणि घर कळतं ते फिल्टर काढल्यावर.
खल्फानच्या आईकडे लोबानाची काजळी.
तिने मला कहवा दिला, परत दिला, देतच राहिली.
पुरे म्हणायला कप हलवायचा असतो,
मला ठाऊक नव्हतं. सात कप प्यालो.
बॅचलर रूममध्ये आठ जणांचे केस आणि तळलेला कांदा.
नुसतीच धूळ निघाली, कोरडी, बिनवासाची,
तर समजावं माणूस सुट्टीवर गेलाय,
किंवा गेलाय.

तिसऱ्या मजल्यावरची लिस्सी सिस्टर
एकोणीस वर्षं या एरियाला शिव्या देत होती.
झुरळं, हॉर्न, लिफ्ट, वरच्या पोरांचं क्रिकेट.
शेवटी घुब्र्याला समुद्राजवळ फ्लॅट मिळाला.
आता दर शुक्रवारी मासे घ्यायला इथंच येते,
तिथले ताजे नसतात म्हणते.
तिथं समुद्र आहे, निनाद.

"दोन वर्षं काढू आणि जाऊ"
असं इथं प्रत्येकजण म्हणतो.
त्यामुळे भिंतीत खिळा ठोकताना
सगळे जरा हळू ठोकतात.

माझा स्वतःचा एसी मी अकरा वर्षं उघडला नव्हता.
सुताराचं दार मोडकं म्हणतात, तसं.
बायको-मुलगी कॉलेजसाठी परत गेल्या
आणि एका माणसाला कितीशी थंडी लागते?
परवा उघडला. व्हिसा कॅन्सल झालाय,
फ्लॅट स्वच्छ करून द्यायचा आहे.
फिल्टरमध्ये चमकी निघाली,
शाळेच्या गॅदरिंगची. ती मासोळी झाली होती
आणि घरभर खवले सांडत फिरत होती.
साबणाने धुतला, ब्रशने घासला, उन्हात ठेवला.

तर निनाद, फ्लॅट पाचशे तीन.
खल्फानशी बोललोय, भाडं वाढवणार नाही.
फिल्टर दोन महिन्यांनी धूत जा.
थोडी चमकी जाळीत अजून आहे, निघत नाही,
एसीला त्याने काही होत नाही.